चाचरणे

बोलण्याचालण्यात येणाऱ्या अडचणींसाठी मराठीत क्रियापदांची वाण नाही. वाटेत दगड आला की माणूस ठेचाळतो. जोडाक्षर आले की वाचणारे मूल अडखळते. परक्या घराच्या उंबरठ्याशी पाऊल घुटमळते आणि भित्रा मनुष्य खरे सांगण्यास कचरतो. ‘चाचरणे’ या क्रियापदाची गणना याच पंक्तीत होते. परंतु त्याचे स्थान वेगळे आहे.

अडखळणाऱ्याच्या वाटेत बहुधा काहीतरी आडवे आलेले असते. चाचरणाऱ्याची वाट मोकळी असते. पुढे कसे जावे याची खात्री मात्र त्याला नसते. म्हणूनच जीभ चाचरते, तसे दुखण्यातून उठलेल्या माणसाचे पाऊलही चाचरते. ‘बोबडा’ आणि ‘तोतरा’ ही विशेषणे याहून निराळी. बोबडेपणा बहुधा वयाचा असतो, तोतरेपणा वाणीचा. तोतऱ्या माणसाला काय सांगावयाचे ते पक्के ठाऊक असते. केवळ शब्द वेळेवर साथ देत नाही.

व्यवहारात हा विवेक सुटतो. शब्द थांबला, की याच्या मनात काहीतरी काळेबेरे आहे असे ऐकणारा ठरवून टाकतो. साक्षीदाराच्या वर्तनाविषयी जे महत्त्वाचे वाटेल ते न्यायाधीशाने नोंदवावे, अशी तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २८० मध्ये होती. तिच्या जागी आलेल्या २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. तरतूद शहाणपणाची आहे. कारण लिहिलेल्या जबानीत शब्द उतरतात, शब्दांमधले थांबणे उतरत नाही. पण ‘साक्षीदार चाचरत होता’ एवढ्या नोंदीने काय सिद्ध होते? तो खोटे रचत होता, जुनी गोष्ट प्रामाणिकपणे आठवत होता, की आयुष्यात प्रथमच पिंजऱ्यात उभा राहिल्यामुळे त्याच्या घशाला कोरड पडली होती? घोकलेले खोटे पुष्कळदा अस्खलित असते. आणि आपल्या शब्दाने दुसऱ्याचे नुकसान होईल ही जाणीव असलेला सज्जनच चाचरतो.

‘चाचरणे’ या शब्दाने अनिश्चय तेवढा कळतो. त्याचे कारण कळत नाही. ते कारण शोधण्याचे काम ऐकणाऱ्याचे. न्यायासनावर असो, कचेरीत असो वा वर्गात, त्याने थोडा धीर धरला, तर चाचरणाऱ्याचे वाक्य पुष्कळदा पुरे होते.