इंग्रजीची पदवी कितीला पडते?

(उरणच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मी गोदीतला माणूस. न्हावा-शेव्याच्या यार्डात कंटेनर भरतो, खाली करतो. रात्री कविता लिहितो. शिक्षण दहावी पास. मग पदवीवर बोलायला हाच का उभा राहिला, असं तुम्हाला वाटेल. कारण साधं आहे. पदवी माझ्या बहिणीला घ्यायचीय आणि पैसे माझ्या पाठीवरून जाणारेत. ती म्हणाली, "दादा, मला इंग्रजी घेऊन बी.ए. करायचंय." आई म्हणाली, "त्यानं पोट भरतं का?" आईचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पगार येतो त्यांनी साहित्याच्या आनंदाच्या गप्पा माराव्यात. आपण हिशेब मांडू.

पोरगी आज गोदामात लेबलं चिकटवायला गेली तर रोजचे 400 धरा. महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे 10,000. तीन वर्षांचे 3,60,000. हा पदवीचा पहिला खर्च आणि तो कुठल्याच फीच्या पावतीवर छापलेला नसतो. शिष्यवृत्ती आहे, कबूल. 1944 साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, ती सुरू झाली. पण शिष्यवृत्ती बुडालेली मजुरी भरून देत नाही. आणि ती उशिरा आली म्हणून एस.टी.चा कंडक्टर काही थांबत नाही.

आता जमेची बाजू. नुसत्या बी.ए.ला बाजारात भाव नाही, हे तोंडावर सांगतो. शाळेत शिकवायचं तर वर बी.एड., ते 2015 पासून दोन वर्षांचं. नोकरी लागलीच तर माध्यमिकला आधी तीन वर्षं शिक्षणसेवक, 2023 पासून मानधन 18,000. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए., त्यावर नेट नाहीतर सेट. एवढं करूनही पुष्कळांच्या वाट्याला तासिका तत्त्व. तास भरला तर पैसे, सुट्टीला ठणठण गोपाळ. आमची हजेरी आणि त्यांचा तास, फरक फक्त खडूचा.

मग सोडून द्यायचं? थांबा. 1984 च्या जानेवारीत जासई-नवघरला जमिनीच्या भावासाठी लढताना पाच जण पोलिसांच्या गोळ्यांनी गेले. त्यांना माझा सलाम. पण ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, त्यानं भाव कशाचा मागायचा? भूमिहीनाचा सात-बारा म्हणजे त्याचं सर्टिफिकिट. बंदरात आत-बाहेर जाणाऱ्या मालाचा कागद इंग्रजीत असतो. कस्टम्स ब्रोकरचं लायसन मागायला पदवीधर असावं लागतं. वकिली तीन वर्षांत करायची तर आधी पदवी हवी. पदवी म्हणजे पगार नव्हे, पण कुलूप तिनंच उघडतं. आत जाऊन काय मिळवायचं ते पुढचं.

आणि हे कुलूप आपल्या जिल्ह्यात कुणाच्या तोंडावर लावलं होतं? रामचंद्र बाबाजी मोरे. जन्म 1903, गाव महाडजवळचं लाडवली. पोरानं शिष्यवृत्तीची परीक्षा पास केली, तरी महाडच्या इंग्रजी शाळेनं घेतलं नाही. वर्तमानपत्रात बोंब झाली तेव्हा घेतलं, पण बसवलं वर्गाबाहेर, खिडकीपाशी. इंग्रजी खिडकीतून शिकला. पुढं मुंबईच्या गोदीत मजुरी केली. आणि 1927 ला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची जुळणी करणाऱ्यांत हाच गडी पुढं होता. त्या खिडकीची किंमत कुठल्या खात्यात मांडणार?

पदवी जात पुसते, असंही समजू नका. 1917 साली कोलंबियाची एम.ए. घेऊन बाबासाहेब बडोद्याच्या नोकरीवर गेले. पारशी उतारगृहातून काठ्या घेऊन आलेल्यांनी त्यांना बाहेर काढलं.

आता माझं बोट बघा. 2021 साली पॅलेटखाली चिरडलं. ठेकेदाराच्या माणसानं 5,000 हातात ठेवले आणि इंग्रजी कागदावर सही घेतली. मी तो कागद वस्तीतल्या एका बी.ए. इंग्रजी झालेल्या पोराकडं नेला. त्याला घाम फुटला. म्हणाला, "दादा, पैसे मिळाले असं काहीतरी लिहिलंय." त्याचा दोष नाही. त्यानं तीन वर्षं गाइड पाठ केलं, पुस्तक उघडलंच नाही. 2024 ला एका वकीलबाईंनी कागद वाचला. त्यात होतं, पूर्ण भरपाई मिळाली, पुढं काही मागणार नाही. बाई म्हणाल्या, तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या भरपाई कायद्यात असं हक्क सोडल्याचं लिहून घेतलेलं कलम 17 नं रद्दबातल ठरत होतं. पण त्या कायद्यात दावा दोन वर्षांच्या आत लावायचा होता. उशिराचं कारण पटवलं तर घेत होते, पण पटवायला पुन्हा वकील. मी सही केली म्हणजे सगळं संपलं, असं धरून बसलो होतो.

तर इंग्रजीची किंमत मला विचारा. माझी किंमत दीड पेराची आहे.

म्हणून म्हणतो, इंग्रजीची पदवी आणि इंग्रजी हे दोन वेगळे माल आहेत. कॉलेज पहिला देतं, दुसरा आपण हिसकावून घ्यायचा. सावित्रीबाईंनी 1854 च्या कवितासंग्रहात इंग्रजी शिका म्हणून सांगितलं ते कारकुनीसाठी नव्हे, गुलामी तोडण्यासाठी.

बहिणीला सांगितलंय, जा, नाव घाल. मजुरी बुडते ती मी भरतो, रात्रपाळी वाढवतो. पण माझ्या दोन अटी. गाइड घरात येणार नाही. आणि दर रविवारी ह्याच ओट्यावर बसायचं. ज्याच्या हाती ठेकेदाराचा, बँकेचा, दवाखान्याचा इंग्रजी कागद पडेल, त्यानं सही करण्याआधी तो इथं आणायचा. तिनं वाचायचा, मराठीत सांगायचा. अडलं तर डिक्शनरी बघायची, लाजायचं नाही.

तिला पगार कधी लागेल ते मला ठाऊक नाही. पण पहिल्या वर्षात एका मजुराची जरी सही तिनं थांबवली, तरी माझे पैसे फिटले.

येत्या रविवारपासून कागद घेऊन या.

जय भीम.