मद्य नाही, मांस नाही. मग यकृतात चरबी कशी?

(विश्रांतवाडी येथील आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



सोनोग्राफीच्या अहवालात ‘फॅटी लिव्हर’ हे शब्द दिसले की आपल्या घरांतून एकच प्रश्न उमटतो : जन्मात मद्याला स्पर्श नाही, मांसाहार नाही, मग हे आले कोठून?

प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु साखर, मैदा, भात आणि सरबते यांतून गरजेपेक्षा अधिक आलेली शर्करा यकृत स्वतःच मेदात रूपांतरित करते. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की शरीरात साठलेल्या चरबीतूनही मेदाम्ले यकृताकडे वाहू लागतात. हा वाढीव साठा यकृत ट्रायग्लिसराइडच्या रूपाने रक्तात सोडते आणि त्याच ओघात हितकारक एचडीएल घटते. यकृतातील व रक्तातील चरबीचे मूळ असे एकच आहे. २०२३ मध्ये तर जागतिक तज्ज्ञांनी या आजाराच्या नावातून मद्याचा उल्लेख काढून चयापचयाशी नाते सांगणारे नाव दिले.

‘पण अंगाने तर सडपातळ आहे!’ हा दुसरा आक्षेप. त्याचे उत्तर पुण्यातच मिळाले आहे. रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील माता व बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो. मात्र आपल्या बालकांत स्नायू कमी असूनही त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. पुढे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! वजनकाट्यावर विसंबणाऱ्यांनी हे छायाचित्र अवश्य पाहावे.

म्हणून घरात शिंप्याची टेप असावी. कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंत पोहोचला, की सावध व्हावे. रक्ताच्या अहवालात एकूण कोलेस्टेरॉल दोनशेच्या आत पाहून अनेकजण कागद मिटवतात. ट्रायग्लिसराइड १५० च्या वर आणि एचडीएल पुरुषांत ४०, स्त्रियांत ५० च्या खाली आहे का, तेही वाचावे. एसजीपीटी सामान्य असूनही यकृतात चरबी असू शकते.

चौविहारामुळे रात्रीचे खाणे टळते, ही आपल्या आचारातील जमेची बाजू. सूर्यास्तापूर्वी घाईने दुप्पट जेवले तर मात्र तो लाभ उरत नाही. फरसाणाचा डबा आणि पारण्याची मिठाई यांचाही हिशेब ठेवावा. ताटात भात-पोळी थोडी कमी करून मूग, चणे, मसूर वाढवावेत. रोज अर्धा-पाऊण तास झपझप चालावे. वजन जास्त असलेल्यांनी ते सात ते दहा टक्के उतरवले, तर यकृतातील चरबी लक्षणीय घटते आणि सूजही ओसरू लागते.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र अठ्ठाईचा संकल्प करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना भेटावे. उपवासात तीच मात्रा चालू राहिली तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.