काम सरकारचे, मग गुन्हा कोणाचा?

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी वर्धापन दिनाला आपण जमतो, वंदना होते, चार चांगले शब्द ऐकतो, खीर घेतो आणि घरी जातो. यंदा समितीने आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही म्हणालो, आपल्या चुलीशी ज्याचा संबंध आहे तोच विषय घेऊ. या मंडपात कोणी रस्ता झाडणारी भगिनी आहे, कोणी कचऱ्याच्या गाडीवर आहे, कोणी ड्रेनेजवर, कोणी सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय, कोणी सरकारी कार्यालयाच्या गेटवर वॉचमन. काम सरकारचे किंवा पालिकेचे, पगार मात्र ठेकेदाराच्या हातून. आणि काही वाईट घडले की दोघेही हात वर करतात. साहेब म्हणतात ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणतो साहेबांना विचारा.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नाव सांगत नाही, कारण घरचे इथे बसलेले आहेत. शेजारच्या गल्लीतला एक तरुण ठेकेदाराकडे ड्रेनेजच्या कामावर होता. झाकण उघडून खाली उतरला तो वर आलाच नाही. ना मास्क, ना पट्टा, ना दोर. आम्ही स्मशानातून परतलो आणि त्याच रात्री ठेकेदाराची दोन माणसे घरी आली. एकाच्या हातात नोटांचे पुडके, दुसऱ्याच्या हातात स्टॅम्पपेपर. त्यावर आधीच टाइप केलेले होते की, हा इसम आमच्या कामावर नव्हता, तो आपल्या मर्जीने उतरला, आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही. त्याच्या बायकोने आमच्याकडे बघून विचारले, "भाऊजी, काय करू?" आणि बंधू-भगिनींनो, आम्ही, चार बुकं शिकलेले, घरात बाबासाहेबांचा फोटो लावणारे, आम्हीच तिला म्हणालो, "वहिनी, घ्या. गेलेला माणूस परत येत नाही. पोरांचं बघा."

तिने अंगठा दिला.

हक्काची भरपाई लाखांत होती, हे आम्हाला पुढे कळले. अर्ज केला. कार्यालयाने विचारले, तो कामावर होता याचा पुरावा काय? हजेरीपटावर नाव नाही, ओळखपत्र नाही, पगाराची चिठ्ठी नाही. कागद होता तो एकच, आणि त्यावर अंगठा द्यायला आम्हीच सांगितले होते. अर्ज तिथेच अडला. आज त्या वहिनींसमोर उभे राहून आम्ही आमची चूक कबूल करतो. ती पुन्हा कोणाच्या दारात होऊ नये म्हणून हे भाषण.

काम एकाचे आणि पगाराला दुसराच, ही युक्ती नवीन नाही. इथल्या म्हाताऱ्या माणसांना महार वतन माहीत आहे. वतनदार महार हा सरकारचा नोकर. सारा तालुक्याला पोचवायचा, साहेबाच्या घोड्यापुढे पळायचे, सांगावा न्यायचा, रात्री-अपरात्री बोलावले की हजर व्हायचे. काम सरकारचे, पण मोबदला काय? थोडी इनाम जमीन आणि गावकऱ्यांच्या दारी जाऊन मागायचे बलुते. गाव रुसले की बलुते बंद, आणि सरकार म्हणणार, ते गावाचे बघा. बाबासाहेबांनी हे बरोबर ओळखले. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. जो काम घेतो त्यानेच मोबदल्याची जबाबदारी घ्यावी, ही त्यामागची भूमिका होती. ते विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. वतन संपायला १९५८चा कायदा यावा लागला. वतन गेले, पण काम करून घेणारा एक आणि जबाबदार कोणीच नाही, ही रीत ठेकेदारीच्या रूपाने परत आपल्या दारात आली.

याला उत्तर आपल्या राज्यघटनेत आहे. कलम २३ने वेठबिगारीला बंदी केली आहे, आणि नुसती बंदी करून ते थांबले नाही. ही बंदी मोडणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे, असे त्याच कलमात लिहिले आहे. घटनेत अशी वाक्ये फार थोडी. अस्पृश्यतेच्या कलम १७मध्ये तसेच वाक्य आहे.

या कलमाची ताकद १९८२ साली दिसली. दिल्लीत एशियाड भरायचे होते. स्टेडियम, रस्ते, उड्डाणपूल यांची कामे सरकारने ठेकेदारांना दिली. परराज्यांतून मजूर आणले. किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे होते. ठेकेदार पैसे जमादाराच्या हातात द्यायचा, जमादार दर माणशी एक रुपया कापून ८ रुपये २५ पैसे मजुराला टेकवायचा. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि त्या पत्राचीच याचिका झाली. सरकारचे म्हणणे होते की मजूर ठेकेदाराचे, आमचे नव्हेत. न्या. पी. एन. भगवती आणि न्या. बहारुल इस्लाम यांनी ते मानले नाही. काम सरकारचे आहे, म्हणून ठेकेदार कायदा पाळतो की नाही हे पाहणे सरकारचे कर्तव्य आहे, असे त्यांनी सांगितले. पोटाच्या भुकेपायी माणूस किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबतो तेव्हा तीही वेठच आहे, असाही निर्णय दिला. कामगार कायदे मोडणाऱ्यांना किरकोळ दंडावर सोडण्याच्या पद्धतीवरही न्यायालयाने टीका केली. तो कापलेला एक रुपया लक्षात ठेवा. आज आकडा मोठा झाला आहे, कापणारा हात तोच आहे.

आता मुंबईकडे या. महानगरपालिकेचा कचरा उचलणारे हजारो कामगार ठेक्यावर होते. २० किंवा जास्त कामगार असले की १९७०चा कंत्राटी कामगार कायदा लागू व्हायचा, म्हणून कामाचे तुकडे पाडून २०च्या आत माणसे दाखवायची. पुढे तर कामगारांना 'स्वयंसेवक' म्हणू लागले आणि पगाराला 'मानधन'. पहाटेपासून कचरा उपसणारा माणूस स्वयंसेवक! शब्द बदलला की हक्क गेला. कचरा वाहतूक श्रमिक संघाने, मिलिंद रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ही लढाई वर्षानुवर्षे लढवली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने एका पोलाद कारखान्याच्या प्रकरणात सांगितले होते की, ठेका बंद झाला म्हणून कामगार आपोआप कायम होत नाही, पण ठेकाच बनावट असेल तर कामगार मूळ मालकाचा ठरतो. श्रमिक संघाने नेमके तेच सिद्ध केले. २०१४ साली औद्योगिक न्यायाधिकरणाने सुमारे २,७०० कामगारांना कायम करण्याचा निवाडा दिला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

पण पुढचेही ऐका. निकाल हातात आला आणि अनेकांची गाडी नावाच्या स्पेलिंगवर अडली. यादीत एक नाव, आधार कार्डावर दुसरे. म्हणून आमचे हात जोडून सांगणे आहे, मुलांना नुसते शिकवू नका, आई-बापाचे कागद एका नावाने करून द्यायला लावा.

ठेकेदाराचे कोणते वागणे नुसती 'कटकट' नसून गुन्हा आहे, हे आपल्या लोकांना माहीत नसते. पहिली गोष्ट म्हणजे पी.एफ. पगारातून पी.एफ. कापला आणि खात्यात भरला नाही, तर तो फौजदारी विश्वासघात आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत तसे स्पष्टीकरण होते, १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेतही कलम ३१६मध्ये ते आहे. दुसरी गोष्ट ड्रेनेजची. २०१३च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायला बंदी आहे, मग तो थेट पालिकेने उतरवो की ठेकेदारामार्फत. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. मृत्यू झाला तर निष्काळजीपणाने मृत्यूला कारण झाल्याचे कलम वेगळे लागते. तिसरी गोष्ट, अनुसूचित जातीच्या माणसाला हाताने मैला साफ करायला लावणे, चारचौघांत जातीवरून शिवी देणे, हे अॅट्रॉसिटी कायद्यात येते. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचे संरक्षण आहे, त्यामुळे "तुम्ही बौद्ध झालात, तुम्हाला हा कायदा नाही" असे कोणी सांगितले तर ऐकू नका. चौथी गोष्ट खास भगिनींसाठी. मुकादमाने हजेरीच्या बदल्यात घाणेरडी मागणी केली तर २०१३चा लैंगिक छळविरोधी कायदा ठेक्यावरच्या बाईलाही लागू आहे. कार्यालयाच्या अंतर्गत समितीकडे जाता येते, आणि ठेकेदाराविरुद्धच तक्रार असेल तर जिल्ह्यात स्थानिक समिती असते. लाज त्याला वाटली पाहिजे, तुम्हाला नाही.

गटारातल्या मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १० लाख ठरवली होती. ऑक्टोबर २०२३च्या निकालाने ती ३० लाख झाली. ती देण्याची जबाबदारी सरकारवर आहे. तीस लाख! आणि आपल्या दारात पुडके येते ते किती हजारांचे असते, हे तुम्हाला ठाऊक आहे.

काही जण विचारतील, आता तर कायदेच बदलले. खरे आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९७०चा कायदा त्यात विलीन झाला. कंत्राटी कामगारांची तरतूद आता ५० कामगारांपासून लागू होते, म्हणजे तुकडे पाडायला जागा आणखी वाढली. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने तो द्यायचा, हे तत्त्व मात्र नव्या संहितेतही आहे. आणि फौजदारी कायद्याला माणसांचा आकडा लागत नाही. कामावर पन्नास असोत की दोन, गुन्हा तो गुन्हाच.

आता करायचे काय? घटना घडली की आधी पोलीस ठाण्यात एफ.आय.आर. द्यायचा, त्यात ठेकेदाराबरोबर काम करून घेणाऱ्या कार्यालयाचे नाव सांगायचे आणि एफ.आय.आर.ची प्रत फुकट मिळते ती मागून घ्यायची. पोलिसांनी घेतला नाही तर वरिष्ठांना लेखी पाठवायचे, तरीही झाले नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जायचे. पोस्टमॉर्टेम झाल्याशिवाय अंत्यविधी करायचा नाही. मन घट्ट करावे लागते, पण करायचा नाही. ठेक्याचा करार, हजेरीपट, पास झालेली बिले माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत मागता येतात. त्या बिलावर कोणा साहेबाची सही असते. पगार दिला की नाही हे न बघता ज्याने सही केली, त्यालाही विचारता आले पाहिजे. वकिलाला पैसे नाहीत म्हणून घरी बसू नका. अनुसूचित जातीच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

शेवटची गोष्ट कडू आहे. आपल्यातलेच काही जण मुकादम झाले, काही छोटे ठेकेदार झाले. प्रगती झाली, आनंद आहे. पण बहिणीचा पी.एफ. खाऊन कोणी विहाराला पंखे देत असेल, तर त्या पंख्याच्या वाऱ्याखाली आपण वंदनेला कसे बसायचे? आमची समितीला विनंती आहे की, देणगीची पावती फाडण्याआधी एकदा विचारा, भाऊ, तुझ्या कामगारांचा पगार झाला का?

दर रविवारी वंदनेनंतर तासभर आम्ही विहारात एक वही घेऊन बसणार आहोत. ठेक्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाने आपले पूर्ण नाव, कामाचे ठिकाण, ठेकेदाराचे नाव, कामाला लागल्याची तारीख त्यात लिहावी. ओळखपत्राची, पी.एफ.ची, पगार जमा झाल्याच्या नोंदीची झेरॉक्स द्यावी. कामाच्या जागेवरचा एखादा फोटो असला तर तोही द्यावा. उद्या कोणी म्हणाले की हा माणूस आमचा नव्हता, तर ती वही आपल्याला उपयोगी पडेल.

आणि रात्री कोणी स्टॅम्पपेपर घेऊन दारात आले, तर अंगठा देऊ नका. आम्हाला हाक मारा. या वेळी आम्ही "घ्या" म्हणणार नाही.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!