नखाएवढे मुखपृष्ठ

बेळगावाहून खानापूरकडे निघाले की वाटेत मच्छे लागते. तेथल्या एखाद्या तरुणाने उद्या मराठीतून पॉडकास्ट सुरू करावयाचे ठरविले, तर त्याच्या आवाजाआधी लोकांना भेटेल ते त्याचे मुखपृष्ठ.

मुखपृष्ठ म्हटले की मराठी वाचकाला दीनानाथ दलाल आठवतात. १९४५ साली त्यांनी सुरू केलेला 'दीपावली'चा अंक वाचक दोन्ही हातांत धरून न्याहाळीत असे. पॉडकास्टच्या चित्राला ते भाग्य नाही. ॲपलच्या शिफारशीप्रमाणे ते ३००० बाय ३००० पिक्सेलांचे काढावे, हे खरे. परंतु मोबाइलच्या यादीत ते उमटते जेमतेम नखाएवढे. तेथे नाजूक रेषा हरवतेच.

देवनागरीची अडचण आणखी निराळी. मात्रा आणि अनुस्वार डोक्यावर, उकार पायाशी. चित्र आक्रसले की आधी हीच चिन्हे पुसट होतात. 'मच्छे'वरील मात्रा गेली की गावाचा मासा झालाच म्हणून समजा! ज्या सीमाभागात आपले अक्षर पाटीवर राहावे म्हणून माणसे झगडली, तेथे ते आपल्याच हातून बुजावे, हे मला तरी रुचत नाही.

तेव्हा नाव दोन-तीन शब्दांचेच असावे, गडद रंगावर फिकट, वर-खाली मोकळी जागा ठेवून. मायक्रोफोनचे चित्र टाळावे. ते सर्वांचेच असते. ऊसशेतीविषयी बोलणार असाल तर उसाचे एक कांडे पुरे. मग ते चित्र नखाएवढे करून घरातील आजोबांच्या हाती द्यावे आणि मात्रेसकट नाव वाचून दाखवावयास सांगावे.