स्वस्ताईची किंमत : एका अमेरिकन दुकानसाखळीचा इतिहास

(अभ्यासवर्गातील व्याख्यान)



सवलतीच्या दरात माल विकणारे दुकान हा वरकरणी किरकोळ विषय वाटेल. परंतु वस्तूची किंमत कोण ठरवतो आणि ती उतरली तर भार कोणावर पडतो, हे प्रश्न कामगाराच्या घरखर्चाशी निगडित आहेत. अमेरिकेतील ‘ई. जे. कॉर्व्हेट’ या दुकानसाखळीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

१९४८ साली युजीन फर्कॉफ याने न्यूयॉर्कच्या ४६व्या रस्त्यावर, एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर, प्रवासी बॅगांचे दुकान थाटले. लवकरच तो विजेची उपकरणेही ठरीव दरापेक्षा बरीच स्वस्त विकू लागला. हिशेब साधा होता : नगामागे नफा थोडा, उलाढाल मात्र जलद, सजावटीला फाटा आणि विक्रेते मोजके.

यात कायद्याचा अडसर होता. १९३७ आणि १९५२ च्या संघीय कायद्यांमुळे, राज्याची अनुमती असेल तेथे, किरकोळ विक्रीची किमान किंमत उत्पादकाला बांधून देता येत असे. मोठ्या साखळ्यांपुढे टिकाव धरण्यासाठी छोटे दुकानदारही या कायद्यांच्या बाजूने होते. कॉर्व्हेटने ग्राहकांना सभासदपत्रे वाटून पळवाट काढली. उत्पादकांनी दावे लावले. अखेर १९७५ साली संसदेने ही सवलतच रद्द केली.

दुकान वाढले ते उपनगरांच्या बळावर. महायुद्धानंतर सरकारी हमीच्या गृहकर्जांतून लाँग आयलंडवर लेव्हिटटाउनसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. तेथील करारांनी कृष्णवर्णीयांना दार बंद केले होते. या नव्या वस्तीच्या परिसरात कॉर्व्हेटने विस्तीर्ण मोटारतळासह मोठे दुकान उघडले. म्हणजेच ज्या बाजारपेठेचे श्रेय एका उद्योजकाच्या कल्पकतेला दिले जाते, तिची पायाभरणी सार्वजनिक पैशाने झाली होती.

१९६२ मध्ये केमार्ट, वॉलमार्ट आणि टार्गेट यांची पहिली दुकाने उघडली. त्याच सुमारास कॉर्व्हेटचा पसारा आवाक्याबाहेर जात होता. १९६६ साली ती स्पार्टन्स इंडस्ट्रीजमध्ये विलीन झाली. १९७१ मध्ये आर्लेन या स्थावर मालमत्तेच्या कंपनीकडे, तर १९७९ मध्ये अगाश-विलो या फ्रेंच समूहाकडे गेली. १९८० सरता सरता दुकानांना टाळे लागले. या प्रत्येक सौद्यात इमारती आणि जागा यांचे मोल झाले. काउंटरमागे उभ्या असणाऱ्यांना मात्र निर्णयात स्थान नव्हते.

यातून काय घ्यावे? कामगार कुटुंबाला शीतपेटी स्वस्त मिळाली, हा लाभ खरा होता आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. उत्पादकांनी बांधलेल्या किमतीचे समर्थनही आपण करू शकत नाही. परंतु स्वस्ताई जेव्हा कमी नोकरांकडून अधिक काम करून घेऊन साधली जाते, तेव्हा ग्राहक म्हणून वाचलेला पैसा कामगार म्हणून गमवावा लागतो.

हा प्रश्न दूरदेशीचा राहिलेला नाही. १९६२ च्या त्या तीन नावांपैकी वॉलमार्टने २०१८ साली १६ अब्ज डॉलर्स मोजून फ्लिपकार्टचा सुमारे ७७ टक्के हिस्सा घेतला. तेव्हा सवलतीचा फलक दिसला की फलकामागचा हिशेब मागितला पाहिजे : नफा कोणाचा, जागा कोणाची, आणि दुकान बंद पडल्यास घरी कोण बसणार?