शिशाचे मोजमाप : प्रयोगशाळेपासून धोरणापर्यंत

१ फेब्रुवारी २००० पासून भारतात सर्वत्र शिसेविरहित पेट्रोलची विक्री सुरू झाली. येथे जमलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी ही तारीख पाठ केली असेल. मात्र मुलांच्या रक्तात शिसे आहे हे प्रथम कोणी व कसे मोजले, हा प्रश्न परीक्षेत सहसा विचारला जात नाही. धोरणाच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे.

शिशाची विषबाधा बहुधा मूक असते. शरीर शिशाला कॅल्शियम समजून स्वीकारते व हाडांत साठवते. मोठ्यांच्या तुलनेत लहान मुलांच्या आतड्यांतून ते कितीतरी अधिक प्रमाणात शोषले जाते. ताप नाही, पुरळ नाही. मूल अभ्यासात मागे पडते आणि दोष त्याच्या बुद्धीला दिला जातो. अशा आजाराचा पुरावा डॉक्टरांच्या नाडीपरीक्षेतून मिळत नाही, तो वैश्लेषिक रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतूनच मिळतो.

बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक डॉ. वेंकटेश तुप्पिल यांनी या कामाला वाहून घेतले. त्याच शहरातील जॉर्ज फाउंडेशनच्या पुढाकाराने बंगळुरू, मुंबई, दिल्ली आदी महानगरांतील हजारो मुलांचे रक्त तपासले गेले. १९९९ मध्ये निष्कर्ष समोर आले : सुमारे निम्म्या मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे होते. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत बंगळुरूत या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषदही भरली. पेट्रोलमधील शिसे घटविण्याचा कार्यक्रम १९९४ पासूनच टप्प्याटप्प्याने चालू होता, म्हणून सारे श्रेय एका शहराला देणे योग्य होणार नाही. परंतु हवेतील शिशाची चर्चा मुलाच्या रक्तापर्यंत आणण्याचे काम या पाहणीने केले.

१० मायक्रोग्रॅम म्हणजे किती? ढोबळमानाने रक्ताच्या एक कोटी भागांत शिशाचा एक भाग. एवढे अल्प प्रमाण मोजताना खरा शत्रू यंत्राचा नसून धुळीचा असतो. बोटावरील धूळ, सुई, नळी, पाणी, यांपैकी कशातूनही शिसे नमुन्यात शिरू शकते आणि निरोगी मूल कागदावर आजारी ठरते. म्हणून बोट काळजीपूर्वक धुतले जाते, शिसेमुक्त नळ्या वापरल्या जातात, दर तुकडीसोबत एक कोरा आणि एक ज्ञात प्रमाणाचा नमुना तपासला जातो. मग अणूंनी शोषलेल्या प्रकाशावरून किंवा विद्युत्-रासायनिक पद्धतीने प्रमाण काढले जाते. हे कंटाळवाणे काम आहे. पण आकड्याची विश्वासार्हता तेथेच ठरते.

ही विश्वासार्हता न्यायालयातही कसाला लागते. २०१५ मध्ये मॅगी नूडल्सवर शिशाच्या कारणावरून बंदी आली. त्याच वर्षी १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली, कारण चाचण्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत झाल्या नव्हत्या आणि कंपनीला बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली गेली नव्हती. पुढे तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांतील फेरतपासणीत शिसे मर्यादेच्या आत आढळले. प्रयोगशाळा दुर्बळ असेल तर नियामकही दुर्बळ ठरतो, आणि ग्राहकाला सत्य काय ते वेळेवर कळतच नाही.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत शिशाचे प्रदूषण हा नकारात्मक बाह्य परिणाम होय : लाभ उत्पादकाचा, हानी तिसऱ्याची. मात्र ज्याचे मापनच झालेले नाही त्यावर कर आकारता येत नाही की भरपाई मागता येत नाही. मोजमाप ही सार्वजनिक वस्तू आहे. एका मुलाच्या तपासणीतून निघालेली माहिती साऱ्या वस्तीच्या उपयोगी पडते, म्हणून तिचा खर्च कोणताही एक पालक पुरेसा उचलणार नाही. तो शासनाने आणि विद्यापीठांनीच उचलला पाहिजे. प्रयोगशाळेला दिलेले अनुदान अनुत्पादक खर्चात मोडणारे लेखापरीक्षण मुलांची गमावलेली क्षमता कधी हिशेबात धरत नाही.

पेट्रोल बदलल्यानंतर मुंबईतील मुलांच्या तपासणीत शिशाचे प्रमाण घटलेले आढळले, तरीही सुमारे एक तृतीयांश मुले १० मायक्रोग्रॅमच्या वरच होती. म्हणजे शिसे अन्य मार्गांनीही येत होते. घरगुती रंगांतील शिशावर १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा लागू झाली. दरम्यान अमेरिकेत दखलपात्र मानली जाणारी पातळी २०१२ मध्ये १० वरून ५ वर आणि २०२१ मध्ये ३.५ वर आणली गेली. आज शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित समजली जात नाही.

युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार ५ मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे असलेली मुले जगात सुमारे ८० कोटी आणि त्यांपैकी भारतात सुमारे साडेसत्तावीस कोटी आहेत. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळविणाऱ्या अनधिकृत भट्ट्या आजही वस्त्यांलगत चालतात. बॅटरी कचऱ्याविषयीचे २०२२ चे नियम उत्पादकांवर पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी टाकतात. भट्टीशेजारच्या अंगणात खेळणाऱ्या मुलाच्या रक्ताची तपासणी मात्र त्यांत येत नाही.