साडेपाच गुंठ्यांचा चौकोन
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'उपग्रहातून जमीन पाहणारा' अशी करून दिली. खरं सांगू? मी उपग्रहाइतकाच शेताच्या बांधावर शिकलो. त्यातलीच एक गोष्ट सांगतो.

आपला आयआरएस-१ए उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी बैकानूरहून सुटला. त्यावरच्या लिस-१ कॅमेऱ्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा साडेबहात्तर मीटरचा चौकोन. आपल्या भाषेत एक एकर बारा गुंठे! त्यात एकाचा ऊस, दुसऱ्याची ज्वारी आणि मधली विहीर, सगळ्यांचा मिळून एकच रंग. १९९५ च्या आयआरएस-१सी वरच्या लिस-३ ने हा चौकोन साडेतेवीस मीटरवर, म्हणजे साधारण साडेपाच गुंठ्यांवर आणला.

हा कॅमेरा ८१७ किलोमीटर उंचीवरून हिरवा, लाल आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश वेगवेगळा मोजायचा. ताजं पान अवरक्त प्रकाश भरपूर परत फेकतं. त्या प्रकाशाला आम्ही चित्रात लाल रंग देतो, म्हणून आमच्या चित्रांत हिरवळ लालभडक दिसते.

नोकरीच्या सुरुवातीला एका दुष्काळी वर्षी मी संगणकासमोर बसून एका गावच्या शिवारात 'उभं पीक' अशी नोंद केली. चित्र लाल होतं, शंका घ्यायला जागाच नव्हती. अहवाल पुढे जाण्याआधी वरिष्ठांनी मला त्या गावी पाठवलं. तिथे पडीक रानात नुसती वेडी बाभूळ माजलेली! सोबत आलेले एक आजोबा शांतपणे म्हणाले, "साहेब, हिरवं दिसतं ते सगळं पीक नसतं."

मला घाम फुटला. माझ्या एका नोंदीमुळे दुष्काळाच्या कागदावर ते गाव सुखी ठरलं असतं.

कॅमेऱ्याने खोटं सांगितलं नव्हतं. त्याने हिरवळ दाखवली, तिला पीक मी म्हटलं. परत येऊन मी त्याच जागेची जानेवारीची आणि एप्रिलची चित्रं शेजारी ठेवली. उपग्रह दर २४ दिवसांनी त्याच वाटेने यायचा, तेव्हा हे जमायचं. रब्बीची ज्वारी निघाली की रान उघडं पडतं, बाभूळ मात्र एप्रिलातही लालच राहते. उत्तर माझ्यासमोरच होतं, मी एकाच तारखेवर थांबलो होतो.

बाई, आठवीत तुम्ही आम्हाला पावलांनी मैदान मोजून नकाशा काढायला लावला होता. मग तोच नकाशा हातात देऊन म्हणालात, "आता पुन्हा मैदानावर जा आणि तपासा." तेव्हा आम्ही कुरकुरलो होतो. पुढे माझी सगळी नोकरी त्या एका वाक्यावर झाली. आज इतक्या वर्षांनी ते तुमच्यासमोर कबूल करतो.